सहा वेण्या आणि एक ट्रक

याकोबदादांना पाहण्याआधी मी त्यांच्या हातचं काम पाहिलं होतं, आणि ते कुणा बाईचं काम आहे असं खुशाल धरून चालले होते.

श्रीरामपूरच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले ते सत्तर-एकाहत्तरचं साल असेल. वय चोवीस, नगरचं घर पहिल्यांदाच सोडलेलं, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा पक्का समज. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं. त्यांचा एक नियम होता. मुलीनं दोन वेण्या घालून, त्या लाल रिबिनीनं वर बांधून यायचं. साडेसातला त्या स्वतः दारात उभ्या राहायच्या आणि जिचे केस मोकळे दिसतील तिला आल्या पावली घरी पाठवायच्या. उवांशी त्यांचं जुनं वैर होतं. त्यामुळे आम्हा शिक्षिकांचीही नजर मुलींच्या तोंडाआधी डोक्याकडे जायची.

माझ्या वर्गातली सगळी डोकी एकीकडे आणि रूथचं डोकं एकीकडे. भांग असा, की पट्टी ठेवून आखलाय. दोन्ही वेण्या सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या, आणि शाळा सुटेपर्यंत एक केस जागचा हलायचा नाही. पहिलीतली तिची बहीण एस्तेर आणि बालवर्गातली नोमी, त्यांचंही तसंच. शेवटी एक दिवस मी रूथला म्हटलं, "तुझ्या आईला सांग हो, वेण्या फार सुरेख घालतात."

वर्गात खसखस पिकली. रूथ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आई न्हाई घालत. बाबा घालत्यात."

मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. मी तिला दोन उठाबशा काढायला लावल्या. त्या उठाबशांची लाज मला आजही वाटते.

पुढच्याच महिन्यात मी खोली बदलली आणि देवाच्या मनात आलं म्हणून की काय, ती नेमकी त्यांच्या घरासमोर मिळाली. पहिल्याच सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या पायरीवर तीन मुली एकीखाली एक बसलेल्या, आणि वरच्या पायरीवर खाकी शर्टातला एक उंच, हडकुळा, झुपकेदार मिशांचा माणूस. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. बाजूला त्याची घोडी चमेली तोबऱ्यात तोंड घालून उभी. तिच्या आयाळीचीही वेणी घातलेली होती. मग मला उलगडा झाला. हा माणूस आधी घोडीवर हात साफ करून मग मुलींकडे वळत होता.

"हलू नगं, गाडी रुळावर हाय!" भांग पाडताना ते दर वेळी म्हणायचे, आणि मुलगी श्वास रोखून बसायची. भांग पडला की प्रार्थना सुरू व्हायची. हे कुटुंब ख्रिस्ती होतं, आणि सकाळची प्रार्थना याकोबदादा वेणी घालता घालताच उरकायचे. पेडावर पेड, ओळीवर ओळ. रूथचे केस दाट, म्हणून तिच्या डोक्यावर सगळ्या नातेवाइकांसाठी, गावासाठी आणि सरकारसाठी प्रार्थना व्हायची. एस्तेरच्या डोक्यावर फक्त घरच्यांसाठी. नोमीचे केस म्हणजे उंदराची शेपटी, तिच्या वाट्याला जेमतेम "आमेन" यायचं. त्यावरून ती रोज कुरकुर करायची.

मी खिडकीत उभी आहे हे त्यांनी पाहिलं. "सलाम, बाई," ते म्हणाले. "रूथला तुमी उठाबशा काढाय लावल्या म्हनं. बराबर हाय. कुनालाबी खोटंच वाटंल."

एवढं बोलून त्यांनी नोमीची रिबीन बांधली.

याकोबदादा स्टेशनवर टांगा चालवायचे. कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "प्रभूची किरपा आन् चमेलीचे पाय." खिशात कायम एक लाकडी फणी. दुपारी बारा वाजता चमेलीला गुळाचा खडा द्यायचा म्हणजे द्यायचा, मग टांग्यात कलेक्टर का बसलेला असेना. एकदा मी एस.टी. गाठायच्या घाईत होते, तर भर रस्त्यात टांगा थांबवून त्यांनी आधी गूळ दिला. मी जाम चिडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तिला घड्याळ कळतं. आपल्याला येस्टी दुसरी मिळंल, तिला दुसरे बारा न्हाई वाजायचे." एस.टी. चुकली ती चुकलीच.

त्यांच्या बायकोचं नाव मार्था. मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. बाई ठेंगणी, गव्हाळ, पांढऱ्या साडीला कधी डाग नाही, आणि तोंडावर हसू वर्षातून नाताळाला एकदा. त्यांची ड्युटी सकाळी सहा ते दोन. पावणेसहाला त्या घराबाहेर पडत, म्हणून वेण्यांचं काम याकोबदादांकडे आलेलं. शेजारणींनी "आम्ही घालतो की" असं किती वेळा म्हटलं असेल. मार्थाबाईंचं उत्तर एकच. "माझ्या पोरी डोकी घेऊन दारोदार जानार न्हाईत." रूथ मोठी, पण तिनं एकदा एस्तेरची वेणी घातली तेव्हा मोठ्या बाईंनी ती वेणी आहे हे मान्यच केलं नाही.

अशा या सुरळीत चाललेल्या घरात ट्रक शिरला तो याकोबदादांच्या हौसेतून. लोक म्हणायचे, स्टेशनवर रिक्षा आली म्हणून टांगेवाला घाबरला. रिक्षा आली होती हे खरं, आणि गाडीतून उतरणारी माणसं चमेलीकडे न बघता तिच्याकडे धावायची हेही खरं. पण खरी गोष्ट त्यांनी मला एकदा टांग्यातच सांगितली. स्टेशनजवळ मालधक्का होता, जिथे मालगाडीचे डबे रिकामे होऊन पोती ट्रकमध्ये चढायची. भाडं नसलं की ते तिथं जाऊन नुसते उभे राहायचे.

"बाई, लई दिसांची हौस हाय. पन्नास-साठ पोती पाठीवर घिऊन येक जनावर चालतंय आन् ते मी चालवतोय. सपनात रोज चालवतो. सकाळी हात दुखत्यात."

पस्तिशी उलटलेला, तीन मुलींचा बाप हे बोलताना कानापर्यंत लाल झाला होता.

मग त्यांनी गाडी शिकायचं मनावरच घेतलं. धक्क्यावरच्या एका जुन्या ड्रायव्हरची मुलं ते फुकट शाळेत सोडायचे आणि बदल्यात दुपारी तासभर त्याच्या शेजारी बसून शिकायचे. लायसनचा अर्ज मी भरून दिला. मी म्हटलं, "दादा, अनुभव असला तर सांगा." ते म्हणाले, "लिवा. चौदा वर्स टांगा. येकबी पॅशिंजर पाडला न्हाई." अर्जात तशी जागा नव्हती, तरी त्यांच्या आग्रहाखातर मी समासात बारीक अक्षरात लिहिलं. नगरला जाऊन ते परीक्षा पास झाले आणि येताना मला बुंदीचा लाडू घेऊन आले.

घरात मात्र लाडू कुणी खाल्ला नाही. मार्थाबाईंनी ते लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि ताकाच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं बायबलमध्ये ठेवून दिलं. मी नेमकी साखर मागायला गेले होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण ते बोलणं नवऱ्यासाठी होतं.

"बाई, आमच्या दवाखान्यात डायवर लोकांच्या बायका येत्यात. नवरा कुटं हाय इचारलं तर म्हनत्यात, आसंल मुंबईला, न्हाईतर इंदूरला. म्हयन्यातनं येकदा येतो, पावन्यावानी जेवतो, जातो. पोरं त्याला बघून दाराआड लपत्यात. मला पावना नवरा नगं."

"मी रोज घरी यीन," याकोबदादा म्हणाले.

"मग येक सांगून ठिवते. ज्या दिशी माझ्या पोरी येन्या न घालता शाळेत गेल्या, त्या दिशी गाडीची किल्ली मालकाला वापस. पुन्हा नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," याकोबदादा लगेच म्हणाले. मार्थाबाई शब्दाच्या किती पक्क्या होत्या हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे मलाच धस्स झालं.

आता अशी नोकरी शोधायची, की ट्रकही चालवायला मिळेल आणि सकाळी सहा ते सात या वेळात मुलींची डोकीही हाताखाली असतील. याकोबदादा मालकासमोर उभे राहिले की पगाराचं, भत्त्याचं काही न बोलता आधी हेच सांगायचे. "शेठ, सकाळी येन्या घालून मंग येतो." मोसंबीच्या व्यापाऱ्याच्या गाड्या संध्याकाळी भरून पहाटे पुण्याला पोचायच्या, त्यानं हात जोडले. ऊसवाल्यानं विचारलं, "मला ड्रायव्हर पायजे, का न्हावी?" तिसऱ्यानं तर सगळ्या हमालांना गोळा करून ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. याकोबदादांनी ते बिनतक्रार पुन्हा म्हटलं. संध्याकाळी मला हे सांगताना ते स्वतःच खो खो हसत होते. मला मात्र त्या तिसऱ्या माणसाचा इतका राग आला, की पुढे दोन वर्षं मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही.

बाहत्तरचा पावसाळा कोरडा गेला. नेवासा, जामखेडकडे दुष्काळी कामं निघाली आणि श्रीरामपूरच्या धक्क्यावर धान्याचे डबेच्या डबे यायला लागले. ते धान्य पोचवायचं काम हुसेनशेठना मिळालं. शेठचे दोन ट्रक, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. ट्रक होते, पण ड्रायव्हर मिळेना. त्यांनी याकोबदादांना सांगितलं, "आधी चालवून दाखव, मग बोलू."

परीक्षा झाली ती आमच्या शाळेशेजारच्या मैदानात. मोठ्या बाई नगरला गेल्या होत्या, त्यामुळे सगळी शाळा खिडक्यांना लटकलेली. शिक्षिका धरून. याकोबदादा लांब नाकाच्या त्या जुन्या ट्रकमध्ये चढले. "चल गं," म्हणाले. ट्रक निघाला. एक फेरी झाली, दुसरी झाली, वळणं अशी अलगद, की शेठ मान डोलवायला लागले. तिसऱ्या फेरीला कुठून तरी एक शेळी आडवी आली.

नगरच्या परीक्षेत कुणी आडवं आलं नव्हतं. चौदा वर्षांचे हात आपल्या सवयीनं चालले. याकोबदादांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, अंग मागे टाकलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "होऽऽ! होऽऽ चमेली!"

ट्रकला लगाम कळत नव्हता. शेळी उडी मारून निसटली आणि ट्रक शाळेच्या नव्या खोलीसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून बंद पडला.

खिडकीतून एस्तेर रडायला लागली. याकोबदादा खाली उतरले, पुढे गेले आणि ट्रकच्या नाकावर थोपटत म्हणाले, "न्हाई, न्हाई. काय झालं न्हाई." मग त्यांनी गवंड्याचं फावडं घेतलं आणि कुणी न सांगता पसरलेली वाळू गोळा करायला लागले. ढीग पहिल्यासारखा झाल्यावर शेठसमोर येऊन उभे राहिले.

"शेठ, चूक माजी. गाडी बिचारी, मी न्हेली तिकडं गेली."

हुसेनशेठ तोवर हसून हसून जमिनीवर बसले होते. डोळे पुसत म्हणाले, "दहा ड्रायव्हर झाले माझे. गाडी ठोकली की कधी रस्त्याची चूक, कधी ब्रेकची, कधी माझीच. चूक माझी म्हणणारा पहिलाच बघतोय. उद्यापासून ये."

"शेठ, सकाळी येन्या..."

"अरे, धक्का उघडतो दहाला! त्याच्या आधी तू वेण्या घाल, नाहीतर मुंडावळ्या बांध, मला काय त्याचं!"

शाळेच्या सगळ्या खिडक्यांमधून टाळ्या पडल्या. त्यात सगळ्यात जोरात कुणाच्या होत्या हे सांगायला नको.

टांगा मार्थाबाईंच्या भावानं घेतला, चमेली घरच्या घरातच राहिली, आणि आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी ट्रक उभा राहायला लागला. बाहेर पाऊस नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं सुकलेली, आणि या एका माणसाच्या चालण्यात लग्नघरातली लगबग. नेवाशाची खेप असली की पाच वाजता घरी. जामखेडची खेप लांबची, पण तीही कशीबशी त्याच दिवशी पुरी करून ते परत यायचे आणि सकाळी सहाला पायरीवर हजर. शेठनी त्यांना एकच गोष्ट शिकवली. स्टेअरिंगला एक लाल चिंधी बांधली आणि सांगितलं, "ही दिसली की पाय आठव." दोन महिने ते रस्ताभर "पाय, पाय" असं पुटपुटत चालवायचे.

सवयी काही सुटल्या नाहीत. बारा वाजले की जिथं असतील तिथं ट्रक उभा करायचे, पुढे जाऊन गुळाचा खडा काढायचे, ट्रकच्या तोंडाकडे जरा वेळ बघायचे आणि स्वतः खायचे. गाडी निघताना तोंडानं चक् चक् झाल्याशिवाय गिअर पडत नसे.

जामखेडची एक गोष्ट मला खुद्द हुसेनशेठनी सांगितली, आणि तीही तक्रार म्हणून. एका खेपेला शेठ बरोबर गेले होते. दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, पोती उतरायला दोन तास लागणार होते. शेठ सावलीत डोळा मिटून पडले. उठून पाहतात तर ड्रायव्हर गायब. शोधलं तर खडीच्या ढिगापलीकडे दहा-पंधरा पोरी रांगेनं बसलेल्या आणि हा पठ्ठ्या फणी घेऊन एकेकीचं डोकं विंचरतोय. रिबिनी नव्हत्या, म्हणून पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडून त्याच्या गाठी मारत होता. मागे आया हातोड्या टाकून पदरात तोंड खुपसून हसतायत. मुकादम ओरडायला आला होता, तर त्याचीच पोरगी रांगेत तिसरी.

"बाई, सांगा काहीतरी याला," शेठ मला म्हणाले. "सगळी सुतळी संपवली. आता आम्ही जामखेडला गेलो की पोरी ट्रकमागं धावतात, 'वेणीवाला आला, वेणीवाला आला!' माझी काय इज्जत राहिली?" पण पुढच्या खेपेला शेठनीच बाजारातून दोन डझन रिबिनी घेऊन दिल्या हेही मला माहीत होतं.

असं सहा महिने चाललं. मार्थाबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांची अट जागच्या जागी होती. याकोबदादांना ती ट्रकच्या भोंग्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत असावी. "बाई, येकशे तीस दिस झाले," ते मला सांगायचे. "येक चुकला न्हाई."

मार्च महिन्यातली एक सकाळ. मी खिडकी उघडली तर गल्लीत ट्रक नव्हता. आदल्या दिवशी जामखेडची खेप होती. पायरी रिकामी. पावणेसहाला दार उघडलं आणि मार्थाबाई बाहेर पडल्या. तीच पांढरी साडी, तीच ताठ मान. नवऱ्याची काळजी तोंडावर दिसते का म्हणून मी निरखून पाहिलं. त्या माझ्याकडे न बघता दवाखान्याच्या वाटेला लागल्या.

रस्त्यात काही झालं नसेल ना, ही एक धास्ती. आणि समजा सुखरूप असले तरी आज किल्ली गेलीच, ही दुसरी. मला राहवेना. मी माझी फणी पिशवीत टाकली. ठरवलं, की मोठ्या बाईंच्या आधी पोरींना मागच्या दारानं वर्गात घ्यायचं आणि आपण वेण्या घालून टाकायच्या. मार्थाबाईंच्या नियमात हे बसत नव्हतं, पण बघू पुढचं पुढे. मागच्या दाराशी मी चोरासारखी उभी राहिले.

तिघी पुढच्या दारानं आल्या. ताठ मानेनं, मोठ्या बाईंच्या समोरून. तिघींच्या मिळून सहा वेण्या, सहा लाल रिबिनी.

मी जवळ गेले. भांग वाकडेतिकडे, नेवाशाच्या रस्त्यासारखे. रूथची एक वेणी जाड, एक बारीक. नोमीची तर एक कानाखाली आणि दुसरी कानामागे. आणि रिबिनीची फुलं नव्हती. सपाट, घट्ट, चौकोनी गाठी, टोकं आत खोचलेली. अशा गाठी मी दवाखान्यात पाहिल्या होत्या, जखमेच्या पट्टीवर.

"कुणी घातल्या गं?" मी विचारलं.

रूथनं जमिनीकडे पाहिलं. "बाबांनी."

"बाबा पहाटं आले आन् लगीच गेले," एस्तेर पाठ केल्यासारखं म्हणाली.

"आईनं सांगितलंय तसंच सांगायचं," नोमी म्हणाली. "आईनं आमाला चारला उठवलं. लई ओढलं. बाई, माझं आजून दुखतंय."

रूथनं तिला कोपरानं ढोसलं. मी काही न ऐकल्यासारखं करून वर्गात गेले आणि कोराच फळा पुन्हा पुसायला लागले. मार्थाबाईंना मी कठोर समजत आले होते. मला सगळं कळतं हा माझा समज त्या दिवशी बराचसा उतरला.

साडेअकराच्या सुमारास मैदानात ट्रक थांबला. याकोबदादा खाली उतरले ते डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरे. मिशासुद्धा ओळखू येत नव्हत्या. हातात किल्ली. मी बाहेर धावले.

"बाई, जामखेडच्या अलीकडं चाकावरचा पाटा तुटला. मिस्तरी सापडंस्तवर उजाडलं." त्यांनी हातातली किल्ली दाखवली. "शेठकडं चाल्लोय. किल्ली देतो. म्हनलं आदी पोरींना बघावं. उगड्या डोक्यानं आल्या आसतील, मोठ्या बाईंनी घालवून दिलं आसंल."

मी आत जाऊन तिघींना बोलावून आणलं.

याकोबदादांनी आधी रूथकडे पाहिलं, मग एस्तेरकडे. नोमीला खांद्याला धरून त्यांनी वळवलं आणि तिच्या गाठीवर बोट ठेवलं. किती तरी वेळ ते बोट तिथंच होतं.

"कोनी घातल्या?"

"तुमीच की, बाबा," रूथ म्हणाली. "पहाटं येऊन."

धुळीनं भरलेल्या त्या चेहऱ्यावर पाण्याच्या दोन ओघळी उतरल्या आणि खाली मिशा दिसायला लागल्या. ते हसत होते. "व्हय की," ते म्हणाले. "इसरलोच बघ मी."

"बाबा, माझी वाकडी झालीय. परत घाला," नोमी म्हणाली.

"आजाबात न्हाई. हात लावायचा न्हाई तिला." त्यांनी किल्ली खिशात टाकली.

ते दोन वाजता दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले, हे मला नंतर कळलं. मार्थाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, की मी आलो नव्हतो, शब्द मोडला. मार्थाबाई म्हणाल्या, "जामखेडला जायचं आसलं की आदल्या दिशी सांगत जावा. गजर लावाय लागतो." आणि विचारलं, की रात्री भाकरी टाकू का भात.

जूनमध्ये माझी नेवाशाला बदली झाली. निघायचा दिवस रविवार होता. टांगा यायला अवकाश होता म्हणून मी खिडकीत उभी राहिले. समोर पायरीवर तिघी एकीखाली एक बसल्या होत्या, पण वरच्या पायरीवर मार्थाबाई होत्या, देवळात, म्हणजे चर्चला, जायच्या चांगल्या साडीत, फणी दातात धरलेली. याकोबदादा बाजूला उभे. सारखे पुढे व्हायचे, "आगं हलकं धर, मधला पेड सैल..."

"हात मागं!" मार्थाबाई ओरडल्या.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शाळकरी पोरासारखे गप्प उभे राहिले. नोमीची वेणी पुरी झाली. या वेळी रिबिनीचं फूल होतं, पण वेणी चांगली दोन बोटं कानाकडे झुकली होती. मार्थाबाईंनी मागे होऊन पाहिलं. मग वर नवऱ्याकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते जरा भीत विचारलं, "कशी झाली?"

चौदा वर्षं टांगा आणि नऊ महिने ट्रक चालवून ज्यानं कधी आपली चूक लपवली नाही, त्या माणसानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एक डोळा मिटून पाहिलं.

"येकदम सरळ," ते म्हणाले.

मार्थाबाई हसल्या. नाताळ नसताना. मग त्यांनी मुलींच्या फ्रॉकवरचे केस झटकले, याकोबदादांनी नोमीला खांद्यावर घेतलं, आणि ते सगळे देवळाच्या वाटेला लागले.